पाणसळीवरचा खुबा

गवंडी नव्या भिंतीवर पाणसळ ठेवतो आणि नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत थांबतो. १९७८ साली ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’ या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या एका चार पानी निबंधात अशीच पाणसळ माणसाच्या अंगावर ठेवलेली आहे. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवलेला रुग्ण उताणा झोपला आहे. कंबरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारे हाडांचे दोन उंचवटे आणि ओटीपोटाच्या तळाशी दोन्हीकडची हाडे जिथे जुळतात ती जागा, अशा तीन ठिकाणी एक साधे उपकरण टेकवायचे, बुडबुडा मध्यावर आणायचा, म्हणजे या तीन बिंदूंतून जाणारे प्रतल एक्स-रेच्या फिल्मला समांतर होते. फोटो काढायचा तो त्यानंतरच. निबंधाचे लेखक लेविनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खटाटोपातून दोन आकडे काढले. कृत्रिम सांध्याच्या वाटीचे तोंड बाजूला ४० अंश उघडे असावे आणि पुढे १५ अंश वळलेले असावे. दोन्हींत १० अंश इकडेतिकडे चालतील. हा ‘सेफ झोन’, म्हणजे सांधा निखळण्याचा धोका कमी असलेला पट्टा, पुढची चार दशके जगभरच्या अस्थिशल्यविशारदांना तोंडपाठ झाला. आकडे राहिले आणि पाणसळ मात्र विसरली गेली. खुब्याच्या वाटीच्या नियोजनाचा इतिहास माझ्या मते या विसरण्याचा आणि पुन्हा आठवण्याचा इतिहास आहे. कोन कशाच्या संदर्भाने मोजला, हे न सांगता सांगितलेला अंश निरर्थक असतो, आणि खुब्याच्या बाबतीत तो संदर्भ स्वतःच हलता असतो.

ही गोष्ट सुरू होते तेव्हा कोनाची कुणाला फारशी चिंता नव्हती. इंग्लंडमध्ये लँकेशर परगण्यात, विगन गावाजवळच्या राइटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आधुनिक खुबा घडवायला घेतला, तेव्हा त्यांना छळणारा प्रश्न झिजेचा होता. मांडीच्या हाडात पोलादी दांडा आणि त्यावर गोळा, कंबरेच्या खोबणीत टेफ्लॉनची वाटी, आणि दोन्ही भाग हाडाला धरून ठेवायला अॅक्रिलिक सिमेंट, अशी त्यांची योजना होती. टेफ्लॉन घसरायला उत्तम होते, पण झिजायला त्याहून उत्तम निघाले. सुमारे ३०० रुग्णांत बसवलेल्या या वाट्या दोन-तीन वर्षांत झिजू लागल्या आणि त्यांच्या भुकटीने आजूबाजूच्या ऊतींत गाठी धरल्या. चार्नलींनी त्या पदार्थाचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून त्याची प्रतिक्रिया पाहिली होती. मे १९६२ मध्ये लँकेशरच्या कापडगिरण्यांतल्या मागांसाठी प्लास्टिकची दातेरी चाके विकणारा एक विक्रेता इस्पितळाच्या कार्यशाळेत एक नवा पांढरा ठोकळा घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख रोवून पाहिले आणि तो नापसंत केला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी, चार्नली कोपनहेगनला गेले असताना, तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस फिरले, तरी टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजत असे तेवढेही हे पॉलिएथिलीन झिजले नव्हते. नोव्हेंबर १९६२ पासून ते माणसांच्या खुब्यात बसू लागले आणि आजही बसते आहे.

झिजेवर मात करताना चार्नलींनी घेतलेल्या एका निर्णयातून कोनाचा प्रश्न जन्माला आला. घर्षण कमी राहावे आणि वाटीची भिंत जाड राहावी म्हणून त्यांनी गोळा लहान केला, अवघा २२.२२५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित मोठा. निसर्गाने दिलेला गोळा याच्या जवळजवळ दुप्पट असतो. लहान गोळ्याला वाटीच्या काठावरून बाहेर पडायला थोडेच अंतर ओलांडावे लागते, शिवाय दांड्याची मानही काठावर लवकर आपटते आणि तरफेसारखी गोळ्याला उचकटते. तरीही चार्नलींचे सांधे फारसे निखळत नसत. ते रुग्णाला उताणे झोपवत, त्यामुळे कंबर टेबलावर सरळ बसे. मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा करवतीने कापून ते सांधा उघडत आणि शेवटी तो ताणून परत तारेने बांधत, त्यामुळे स्नायूंचा ताण गोळ्याला वाटीत दाबून ठेवी. वाटी ४५ अंश उघडी ठेवावी आणि पुढे जवळजवळ वळवू नये, असा त्यांचा कल होता. हा कोन शरीराची ठेवण, कापण्याची रीत आणि बांधण्याची रीत यांच्यासकट आलेला होता. चार्नलींची पद्धत जगभर पसरली तेव्हा दांडा गेला, वाटी गेली, सिमेंटही गेले. बाकीची व्यवस्था मागेच राहिली. अनेक शल्यविशारद मागच्या बाजूने सांध्यात शिरू लागले. त्यासाठी रुग्णाला कुशीवर झोपवावे लागते, आणि कुशीवरची कंबर पायाला हिसका बसला की पुढे कलंडते. निर्जंतुक कापडांखाली हे दिसत नाही. वाटी बसवण्याच्या दांडीला जोडलेला गज टेबलाशी आणि भिंतीशी जुळवून कोन साधला जाई. कंबर टेबलाशी जुळलेली आहे, हे मात्र गृहीत धरलेले असे.

लेविनेक यांच्या निबंधाचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. त्यांनी टेबल सोडले आणि कंबरेच्या हाडांच्या कड्यालाच, म्हणजे श्रोणीला, संदर्भ मानले. परंतु त्या चार पानांत काय आहे आणि पुढे त्यांच्या नावावर काय खपले, यांतले अंतर मोठे आहे. त्यांच्यापुढे ३०० शस्त्रक्रिया होत्या आणि निखळलेले सांधे होते ९. सांगितलेल्या पट्ट्यातल्या वाट्यांत निखळण्याचे प्रमाण १.५ टक्के, पट्ट्याबाहेर ६.१ टक्के. फरक चौपट दिसतो, पण एकूण नऊ घटनांवर उभा आहे; दोन रुग्णांचा पाय वेगळ्या क्षणी घसरला असता तर हे प्रमाण बदलले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाटी जास्त पुढे वळली की सांधा पुढून निखळतो असा संबंध त्यांना सापडला, मात्र मागून निखळण्याशी वाटीच्या कोनाचा लक्षणीय संबंध आढळला नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. आणि मागच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियांत सांधा बहुधा मागूनच निखळतो! आधी त्याच खुब्यावर शस्त्रक्रिया झालेली असणे हाही धोका असल्याचे त्यांनी नोंदवले होते. एवढ्या अटींसह आलेले निरीक्षण कायदा कसे बनले? मला याचे उत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या सोयीत दिसते. स्नायूंचा ताण शिकवायला वर्षे लागतात, ४० आणि १५ शिकवायला एक मिनिट पुरते. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या फोटोवर कोनमापक ठेवला की शिकाऊ डॉक्टराला लगेच गुणही देता येतात.

पण त्या मिनिटभराच्या धड्यातही एक खोच लपलेली होती. १९९३ साली ऑक्सफर्डचे डेव्हिड मरे यांनी दाखवून दिले की वाटीचा ‘कल’ (ती बाजूला किती उघडी) आणि ‘रोख’ (ती पुढे किती वळलेली) या शब्दांनी तीन वेगवेगळी मापे सांगितली जातात. शवावर किंवा सांगाड्यावर मोजणारा शरीररचनाशास्त्रज्ञ एका अक्षाभोवती मोजतो, एक्स-रे वाचणारा दुसऱ्या आणि शस्त्रक्रिया करणारा तिसऱ्या. जागची न हललेली एकच वाटी तीन जोड्यांचे आकडे देते, आणि वाटी जितकी पुढे वळलेली तितका या आकड्यांतला फरक वाढतो. हातात दांडी धरलेला शल्यविशारद ४० अंशांवर वाटी ठोकतो तेव्हा एक्स-रेवर ती त्याहून अधिक उघडी दिसते, कारण पुढचा रोख त्या सपाट चित्रात कलाची भर घालतो. मरे यांनी या मापांना नावे दिली आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची सूत्रे मांडली. त्याआधीच्या कितीतरी अभ्यासांनी एकमेकांशी वाद घातला तो वेगवेगळ्या फूटपट्ट्या घेऊन. संदर्भ सांगितला नाही तर अंशाला अर्थ नाही, हे सूत्र इथे गणिताने सिद्ध झाले.

यानंतरचा काळ हाताच्या चुकीवर इलाज शोधण्याचा होता, आणि चूक खरोखर मोठी होती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०११ मध्ये १८२३ खुब्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. कल ३० ते ४५ आणि रोख ५ ते २५ अंश, ही त्यांनी ठरवलेली मर्यादा होती. कलात ६३ टक्के वाट्या बसल्या, रोखात ७९ टक्के. दोन्हींत एकाच वेळी फक्त ५० टक्के. एवढ्या नावाजलेल्या संस्थेत निम्म्या वाट्या ठरवल्या जागेबाहेर जात असतील, तर नजरेच्या अंदाजावर विसंबण्यात अर्थ नाही, असे वाटणे साहजिक होते. यंत्रे तोवर येऊन पोचलीही होती. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत विल्यम बार्गर आणि पशुवैद्य हॅप पॉल यांनी ‘रोबोडॉक’ आधी कुत्र्यांवर आजमावला आणि १९९२ साली माणसावर. तो मांडीच्या हाडातली दांड्याची जागा कोरत असे. वाटीचा प्रश्न पिट्सबर्गला अँथनी डिजॉया आणि त्यांच्या संगणकतज्ज्ञ सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘हिपनॅव्ह’ या प्रणालीने हाती घेतला: शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनवर वाटी बसवून पाहायची, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कॅमेऱ्याच्या नजरेखाली श्रोणीचा आणि दांडीचा माग ठेवत तीच जागा गाठायची. कुशीवर कलंडणारी कंबर यंत्राला दिसू लागली. पारदर्शक फिल्मवर छापलेले वाट्यांचे आकार एक्स-रेवर ठेवून अंदाज बांधण्याची जुनी रीत संगणकाच्या पडद्यावर गेली. नेम सुधारला, यात वाद नाही. मात्र यंत्राला नेम धरायला सांगितलेले लक्ष्य बहुधा तेच होते, ४० आणि १५.

लक्ष्यावरच बोट ठेवले गेले ते २०१६ मध्ये. मेयो क्लिनिकच्या मॅथ्यू अब्देल आणि सहकाऱ्यांनी २००३ ते २०१२ या काळातल्या ९७८४ पहिल्या-वेळच्या शस्त्रक्रिया तपासल्या. निखळले २०६, म्हणजे २ टक्के. त्यांपैकी १२० सांध्यांत, ५८ टक्क्यांत, वाटी लेविनेक यांच्या पट्ट्यात अगदी व्यवस्थित बसलेली होती. शीर्षकातच त्यांनी विचारले: कसला सेफ झोन? यावर सावध वाचकाचा आक्षेप असा असेल की, रस्त्यावरचे बहुतेक अपघात परवाना असलेल्या चालकांकडून होतात म्हणून परवाना निरुपयोगी ठरत नाही. बहुतेक चालकांकडे परवाना असतो, एवढेच त्यातून कळते. न निखळलेल्या सांध्यांपैकी किती टक्के पट्ट्यात होते, हे कळल्याखेरीज ५८ हा आकडा पट्ट्याला दोषी ठरवू शकत नाही. हा आक्षेप बिनतोड आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पट्टा खोटा असल्याचे या अभ्यासाने सिद्ध होत नाही. पण जे सिद्ध होते तेही पुरेसे आहे: पट्ट्यात राहणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. निखळलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत ‘वाटी चुकली’ हे स्पष्टीकरण उपलब्धच नव्हते. ‘सेफ’ या शब्दाने दिलेले वचन पाळले जात नसेल, तर कारण वाटीबाहेर शोधणे भाग होते.

ते कारण सापडले पाठीच्या कण्यात. पॅरिसमध्ये जाँ-इव्ह लाझेनेक बराच काळ सांगत होते की रुग्णाचा फोटो आपण झोपवून काढतो आणि रुग्ण मात्र उभ्याने व बसून जगतो. उभ्या माणसाचा संपूर्ण फोटो समोरून आणि बाजूने एकाच वेळी, कमी किरणोत्सर्गात काढणारे ‘ईओएस’ हे यंत्र हाती आल्यावर त्यांच्या म्हणण्याला पुरावा मिळाला. या यंत्राच्या मुळाशी असलेल्या कणशोधकाबद्दल जॉर्ज शारपाक यांना १९९२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले होते. उभा माणूस खुर्चीत बसतो तेव्हा मांडी एकटी वर येत नाही. कंबरेच्या कण्याचा आत वळलेला बाक सपाट होतो आणि श्रोणी साधारण २० अंश मागे झुकते. श्रोणी एक अंश मागे झुकली की वाटीचा पुढचा रोख सुमारे ०.७ अंशाने वाढतो. म्हणजे उभ्याने १५ अंश वळलेली वाटी बसल्यावर २९ अंशांच्या घरात जाते, आणि वर येणाऱ्या मांडीला जागा करून देते. दार उघडणाऱ्याने स्वतःच बाजूला व्हावे, तसे हे आहे. आता कण्याचे मणके स्क्रूने जोडलेला किंवा वयाने कणा ताठरलेला माणूस घ्या. त्याची श्रोणी जागची हलत नाही. बसताना सगळे वाकणे खुब्यालाच करावे लागते. दांड्याची मान वाटीच्या पुढच्या काठावर आपटते आणि गोळा मागून बाहेर उचकटतो. कणा जोडलेल्या रुग्णांत खुबा निखळण्याचा धोका वाढतो, हे अनेक मोठ्या नोंदण्यांतून पुढे आले आहे. लेविनेक यांना मागून निखळण्याचा आणि वाटीच्या कोनाचा संबंध सापडला नव्हता, याचा उलगडाही बहुधा इथेच होतो. त्यांची पाणसळ झोपलेल्या श्रोणीवर होती, आणि सांधा निखळतो तो माणूस उठताना, बसताना, वाकताना.

वाटीइतकाच मांडीच्या हाडाचाही यात वाटा आहे. नवजात बालकांचे खुबे तपासून मॅककिबिन यांनी १९७० सालीच मांडले होते की वाटीचा रोख आणि मांडीच्या हाडाचा पीळ यांची बेरीज सांध्याचे स्थैर्य ठरवते, दोहोंपैकी एकटे माप नव्हे. हेच पुढे ‘कम्बाइंड अँटिव्हर्जन’ म्हणून खुबारोपणात आले. न्यूयॉर्कचे चित्तरंजन राणावत यांच्या नावाची चाचणी याच बेरजेची आहे: पाय आत वळवत न्यायचा, गोळ्याची कड आणि वाटीची कड एका पातळीत आली की किती अंश वळवले ते पाहायचे. मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात २००० साली अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली ते हेच राणावत. सिमेंटविना बसणारा दांडा हाडाच्या पोकळीत जसा बसेल तसाच बसतो, त्याचा पीळ शल्यविशारदाच्या हातात फारसा नसतो. म्हणून काही जण दांडा आधी बसवून त्याच्या पिळाप्रमाणे वाटी वळवतात. अशा वेळी १५ हा आकडा पाळणे हीच चूक ठरू शकते.

आपल्याकडे हा मुद्दा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकापेक्षा जवळचा आहे. खुबा बदललेल्या रुग्णाला घरी पाठवताना ‘खाली बसू नका, कमोड वापरा, पायावर पाय टाकू नका’ अशी ताकीद मिळते. ज्या घरात जेवण, पूजा, गप्पा सगळे मांडी घालून चालते, तिथे ही ताकीद साधी नसते. उकिडवे बसताना श्रोणीला आणि खुब्याला खुर्चीपेक्षा बरेच अधिक वाकावे लागते, आणि मांडी घालताना मांडीचे हाड बाहेर फाकते व वळते. लेविनेक यांच्या पट्ट्यात यांतल्या कशाचाच हिशेब नाही. नियोजन खरोखर रुग्णाचे करायचे, तर तो कसा बसतो हे विचारणे हा त्याचा पहिला प्रश्न असायला हवा.

यावर दुसरा आक्षेप येतो तो कारखान्यातून. कोनाची एवढी काथ्याकूट कशाला, सांधाच असा बनवा की निखळणार नाही. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन इथे जिल बुस्के यांनी १९७० च्या दशकात गोळ्यात गोळा बसवून दुहेरी हालचालीची वाटी तयार केली, आणि ती निखळण्याला चांगलाच आळा घालते. झीज कमी करणारे नवे पॉलिएथिलीन आल्यावर ३२ आणि ३६ मिलिमीटरचे मोठे गोळेही सहज वापरता येऊ लागले. सांध्याची मागची पिशवी आणि स्नायू नीट शिवून घेतल्यानेही निखळणे पुष्कळ कमी होते. हे सारे खरे आहे, आणि निखळणे हे एकच संकट असते तर आक्षेप मान्य करून थांबता आले असते. पण वाटीचा कोन झीजही ठरवतो. धातूवर धातू घासणाऱ्या मोठ्या गोळ्यांच्या सांध्यांनी हे महागात शिकवले. त्यांपैकी ‘एएसआर’ हा सांधा त्याच्या उत्पादक कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये परत मागवला. जगभर सुमारे ९३ हजार लोकांत तो बसवला गेला होता आणि भारतात सुमारे ४७०० शस्त्रक्रियांत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रारही नोंदवली होती. या सांध्याची वाटी अर्धगोलाहून उथळ होती. उथळ वाटी थोडी जास्त उघडी बसली की सगळा भार काठावर येतो, तिथले वंगण तुटते आणि धातूचे कण रक्तात उतरू लागतात. दोष रचनेचाच होता, पण रचनेतली ती उणीव सर्वांत आधी उघडी पडली ती कोन चुकलेल्या रुग्णांत. कोनाच्या चुकीपासून मुक्ती देणारा म्हणून मोठा गोळा आला, आणि त्या चुकीला सर्वांत कमी क्षमा त्यानेच केली.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रत्येक रुग्णाचा कोन वेगळा म्हटले, तर तालुक्याच्या ठिकाणी वर्षाला मोजकेच खुबे बदलणाऱ्या डॉक्टराने काय करावे? त्याच्याकडे ईओएस नाही, रोबो नाही. आकडा निदान त्याला भरकटू देत नाही. ‘प्रत्येकाचा वेगळा’ हे तत्त्व बेफिकिरीला सोयीचे पांघरूण होऊ शकते, ही भीतीही खोटी नाही. पण मला वाटते, इतिहासातून निघणारा धडा आकडा टाकून देण्याचा नाही; आकड्याला त्याचा संदर्भ परत जोडण्याचा आहे. ४० आणि १५ पासून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र तिथून हलण्याचे कारण आहे का, हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही. बाजूने दोन साधे एक्स-रे काढायचे, एक उभ्याने, एक बसून. दोन्हींच्या दरम्यान श्रोणी हलली तर नेहमीचा कोन चालेल. हलली नाही, किंवा कण्यात स्क्रू दिसले, तर वाटी किती वळवायची, गोळा किती मोठा घ्यायचा, दुहेरी हालचालीची वाटी वापरायची का, रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवायचे का, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ठरवता येते. रोख किती बदलावा यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. पण धोक्याचा रुग्ण आधी ओळखावा यावर फारसे नाहीत.

१९७८ च्या त्या चार पानांत शिकण्यासारखे बरेच होते, आणि त्यातले सर्वांत मोलाचे आकड्यांआधी येत होते. माप घेण्यापूर्वी लेविनेक आणि सहकारी श्रोणी सरळ आहे की नाही हे पाहत होते, कारण कशाला सरळ म्हणायचे हे ठरल्याशिवाय तिरके किती ते सांगता येत नाही, हे त्यांना कळले होते. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी उत्तर उचलले आणि प्रश्न टेबलावर ठेवून दिला. तो प्रश्न आता खुर्चीत बसलेल्या, जिना चढणाऱ्या, चटईवर मांडी घालू पाहणाऱ्या माणसाला विचारायचा आहे. भिंत एकदा ओळंब्यात आली की जागची हलत नाही, म्हणून गवंड्याला पाणसळ एकदाच ठेवून चालते. खुब्याच्या वाटीसाठी ती निदान दोनदा ठेवावी लागते: माणूस उभा असताना, आणि तो बसल्यावर.